रेडिओ-नियंत्रित जहाजे व पाणबुड्यांच्या प्रतिकृती : छांदिष्टांचे मेळावे आणि प्रवास

प्रस्तावना :
निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी नियंत्रणाने चालणारी नौका लोकांना दाखविली व त्याच वर्षी तिचे पेटंटही मिळविले. जहाजांच्या व पाणबुड्यांच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतींचा छंद पुढे युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला. ब्रिटनमधील मॉडेल पॉवर बोट असोसिएशन ही संस्था तर १९२४ चीच. एरवी घरातील टेबलावर वर्षानुवर्षे एकट्याने चालणारे हे काम मेळाव्याच्या निमित्ताने पाण्यावर येते आणि त्यासाठी छांदिष्ट शेकडो किलोमीटरचा प्रवास करतात. मेळावा कोठे भरावा व प्रवासात काय न्यावे, हे बऱ्याच अंशी भौतिकशास्त्र ठरविते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

पाण्याची निवड :
जहाजाला कोणतेही शांत तळे चालते. पाणबुडीचे तसे नाही. तिचा रिसीव्हर पाण्याखाली असतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गोड्या पाण्यातही काही सेंटिमीटरांतच क्षीण होतात. (मायक्रोवेव्ह भट्टी जवळपास याच वारंवारतेवर अन्नातील पाणी तापविते, हे उदाहरण वर्गात सहज देता येईल.) म्हणून पाणबुडीवाले २७, ४० किंवा, अमेरिकेत, ७५ मेगाहर्ट्झचे जुने संच जपून वापरतात. या लहरी गोड्या पाण्यात काही मीटर पोहोचतात. समुद्राचे पाणी मात्र विजेचे चांगले वाहक असल्याने त्यात ४० मेगाहर्ट्झच्या लहरीची तीव्रता दर ४ सेंटिमीटरला सुमारे ३७ टक्क्यांवर येते. त्यामुळे स्वच्छ, गोडे तळे किंवा पोहण्याचा तलाव हेच मेळाव्याचे स्वाभाविक स्थान ठरते. संपर्क तुटताच बॅलास्ट टाकीतील पाणी आपोआप बाहेर पडून पाणबुडी वर यावी, अशी योजना बहुधा केलेली असते. ती फसली, तर कित्येक वर्षांचे श्रम गढूळ तळ्याच्या तळाशी जातात. पोहण्याच्या तलावात ते निदान दिसतात तरी!

जुन्या संचांबरोबर जुनी शिस्तही आली. एकाच वाहिनीवर दोघांनी प्रक्षेपक सुरू केले, तर दोन्ही प्रतिकृतींवरील ताबा सुटू शकतो. म्हणून काठावरील फलकावर आपल्या वाहिनीचा चिमटा लावल्याखेरीज कोणी संच सुरू करीत नाही. बाजारात हे संच आता दुर्मीळ झाले आहेत; ते व त्यांचे सुटे भाग जाणकारांकडून मिळविणे, हेही प्रवासाचे एक मोठे कारण असते.

सामानाचा हिशेब :
१:९६ या प्रमाणात लांबी ९६ पट घटते, पण वजन ९६ च्या घनाने, म्हणजे ८,८४,७३६ पट घटते. सुमारे ५८,००० टनांच्या ‘आयोवा’ वर्गातील युद्धनौकेची प्रतिकृती तरीही २.८ मीटर लांब व सुमारे ६५ किलोची होते. साहजिकच शिशाचे भारवजन वेगळे नेऊन काठावर भरतात. पाणबुडीचे गणित याहून नाजूक आहे. १० लिटर पाणी विस्थापित करणारी पाणबुडी ५ अंश सेल्सिअसच्या तळ्यातून २५ अंशांच्या तलावात आणली, तर तिला सुमारे ३० ग्रॅम कमी आधार मिळतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी तिचा समतोल नव्याने साधावा लागतो.

विमानाने जाणाऱ्यांची अडचण निराळीच. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांवरील बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. काही पाणबुड्यांत टाकी रिकामी करण्यासाठी वापरला जाणारा ज्वालाग्राही द्रवरूप वायू तर विमानात नेताच येत नाही. तो मेळाव्याच्या गावी पोहोचल्यावर विकत घ्यावा लागतो किंवा एखाद्या स्थानिक सदस्याकडून मागून घ्यावा लागतो.