काकूंची पत्रे कुठे गेली?

परवा रात्री साडेनऊला टिळकवाडीहून काकांचा फोन आला. "अगं, तुझ्या काकूची सगळी पत्रं गेली बघ." आवाज असा होता की मी पान तसेच झाकून ठेवून निघाले.

काका ऐंशीच्या पुढचे. घरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असला तरी त्यांचा पत्रव्यवहार अजून हॉलमधल्या टेबलावरच्या संगणकावरच चालतो, थंडरबर्ड नावाच्या प्रोग्रामवर. काकूंचे माहेर धारवाड. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली तेव्हा, २००५ च्या सुमारास, त्या ई-मेल लिहायला शिकल्या. भाषा मराठी, अक्षरे इंग्रजी, आणि रागवायचे झाले की थेट कन्नड. २०१२ साली काकू गेल्या. त्यानंतर दोन संगणक बदलले, पण मुलीने दर वेळी ती पत्रे न विसरता नव्या संगणकावर आणली.

या वेळी मुलगी इथे नव्हती. विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली, म्हणून काकांनी संगणक दुकानात दिला. तिथल्या मुलाने विंडोज नवी केली आणि जाता जाता जुना थंडरबर्ड काढून नवा बसवला. घरी आणून उघडतात तो पत्रे नाहीत, खाते नाही. नाव लिहा, पत्ता लिहा, पासवर्ड लिहा अशी कोरी चौकट तेवढी समोर!

इथेच बहुतेक घरांत चूक होते. आपण घाईघाईने ती चौकट भरून टाकतो. आलेली पत्रे परत दिसू लागतात आणि सगळे ठीक झाले असे वाटते. पण यात एक मेख आहे. खाते आयमॅप पद्धतीचे असेल तर पत्रे कंपनीच्या सर्व्हरवर असतात, ती परत येतात. पॉप पद्धतीचे असेल तर गोष्ट वेगळी. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, आणि त्याची रीतही पोस्टासारखीच. पोस्टमनने पत्र घरात आणून टाकले की पोस्टात त्याची प्रत उरत नाही. सर्व्हरवर प्रत ठेवा असे मुद्दाम सांगितले नसेल, तर पत्र फक्त आपल्या संगणकात राहते. काकूंचे खाते पॉपचे होते आणि ते कधीच बंद झालेले. म्हणजे पत्रे असलीच तर या एका डब्यात.

शेजारची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी धावत आली. तिने काकांना आधी खुर्चीवर बसवले. "अंकल, एनू होगिल्लरी. इल्ले ऐतरी." काही गेले नाही, इथेच आहे. आणि खरेच इथेच होते.

झाले होते असे. थंडरबर्ड आपली खाती, सेटिंग, पासवर्ड आणि उतरवून घेतलेली पत्रे प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही. त्यासाठी प्रोफाइल नावाचे वेगळे फोल्डर असते. प्रोग्राम काढून टाकला तरी ते सहसा जागेवरच राहते. मात्र २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून प्रोग्राम ज्या जागी बसवला असेल, त्या जागेसाठी स्वतंत्र प्रोफाइल धरले जाते. जुना प्रोग्राम ३२ बिटचा होता, नवा ६४ बिटचा. दोघांच्या जागा वेगळ्या. नव्याने आपल्यासाठी नवे, रिकामे प्रोफाइल उघडले आणि जुने तसेच पडून राहिले.

ते सापडत नाही, कारण विंडोज ते लपवून ठेवते. कीबोर्डवर विंडोजची कळ आणि आर एकदम दाबावे. येणाऱ्या चौकटीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह देऊन लिहावा व एंटर करावे. उघडलेल्या यादीत थंडरबर्ड, त्याच्या आत प्रोफाइल्स. आम्हाला तिथे दोन फोल्डर दिसले, दोन्हींची नावे आठ अर्थहीन अक्षरांनी सुरू होणारी. एक अगदी हलके, त्याच दिवशीचे. दुसरे दोन जीबीच्या वर! ते बघून काका खुर्चीत जरा सैलावले.

लगेच काही बदलायला जाऊ नये. आम्ही आधी थंडरबर्ड बंद केला आणि ते अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. मग थंडरबर्ड उघडून मेनूतून हेल्प, तिथे ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, आणि त्या पानावर प्रोफाइल्सचा दुवा. दोन्ही प्रोफाइलची यादी आली. जुन्यापुढे ते नेहमीचे प्रोफाइल करण्याचे बटण होते, ते दाबले आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. खाते, पासवर्ड, सगळे जागेवर. टायपिंग काहीच करावे लागले नाही.

ज्यांचे जुने प्रोफाइल खरोखरच पुसले गेले, त्यांना मात्र खाते नव्याने भरावेच लागते. जीमेल असेल तर आयमॅपसाठी ९९३ क्रमांकाचे पोर्ट, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर स्वतःला दोष देऊ नये. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना बाहेरच्या प्रोग्राममधून नुसता पासवर्ड देणे बंद केले. खात्री करण्याच्या पद्धतीत ओऑथ२ निवडले की गूगलची स्वतःची खिडकी उघडते, तिथे लॉगिन करायचे. आणि विंडोजबरोबर येणारे साधे मेल ॲप वापरणाऱ्यांनी सेटिंग शोधत बसू नये. ते ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंदच झाले आहे.

अकरा वाजले होते. काकांनी पहिले उघडले ते २००७ च्या जानेवारीतले पत्र. कुंद्याचा डबा कुणाच्या हाती पाठवला, तिळगूळ का पाठवता आला नाही, अशी लांबण होती. शेवटी काकांविषयी एक ओळ कन्नडमध्ये. शेजारच्या मुलीने ती मोठ्याने वाचली नाही, नुसती हसली.

"ननग गोत्तैती," काका म्हणाले. "पाठ आहे मला ती."