आकडा तोच, धोका वेगळा!

लॅबचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी जाड ठशात छापलेल्या आकड्यांवर जाते. मग कुणी तूप बंद करतं, कुणी अंडं सोडतं, कुणी सकाळी उठून कच्ची लसूण चघळू लागतं. पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणून बदनाम झालेलं कोलेस्टेरॉल, 130 आलं तर आधी विचारायला हवं की ते कुणाचं आलं? पंचविशीतल्या धडधाकट मुलीचं, की मधुमेहाची गोळी घेणाऱ्या तिच्या बाबांचं? आकडा एकच असला तरी दोघांच्या हृदयाला असलेला धोका सारखा नाही. तो कसा, ते या चौदा गोष्टींत वाचा आणि पुढच्या जेवणावळीत सांगून भाव खा!

1. आजोबा आणि पंचवीस अंडी

1991 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या 88 वर्षांच्या एका आजोबांची केस छापून आली. आजोबा रोज पंचवीस उकडलेली अंडी खायचे, तेही वर्षानुवर्षं! आणि टोटल कोलेस्टेरॉल? 200. अगदी नाकासमोर चालणारं. तपासणीत कळलं की त्यांचं आतडं अंड्यातलं जेमतेम 18 टक्के कोलेस्टेरॉल शोषत होतं. इतरांचं साधारण निम्मं शोषतं. ‘मी सगळं खातो, मला काही होत नाही’ म्हणणारे आजोबा प्रत्येक आळीत असतात. त्यांचं आतडं आपल्या पोटात असेलच असं नाही!

2. डब्यावरची जाहिरात

शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलेलं दिसलं तर हसा आणि सोडून द्या. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, मग तेलात कुठून येणार? खोबरेल तेलातही ते नसतं. पण त्यातली सुमारे 90 टक्के चरबी संपृक्त असते आणि ती रक्तातलं एलडीएल वाढवते. म्हणजे डबा खोटं बोलत नाही, अर्धंच बोलतो.

3. पडद्यामागचं गाजर

प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर 1888 मध्ये गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थावर काम करत होते. त्यांच्या हातातलं कोलेस्टेरिल बेन्झोएट 145.5 अंशांवर वितळून गढूळ झालं आणि 178.5 अंशांवर पुन्हा वितळल्यासारखं होऊन नितळ झालं. एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू! इथूनच द्रवस्फटिकांचा शोध लागला. तुमच्या घरातल्या एलसीडी टीव्हीचा मूळपुरुष असा कोलेस्टेरॉलच्या घराण्यातला आहे.

4. ममीने कुठे वडापाव खाल्ला?

हृदयविकार ही आजच्या खाण्यापिण्याची देणगी, असं आपण धरून चालतो. 2013 मध्ये इजिप्त, पेरू, नैर्ऋत्य अमेरिका आणि अल्यूशियन बेटं इथल्या 137 ममींचे सीटी स्कॅन तपासले गेले. सुमारे एक तृतीयांश ममींच्या रक्तवाहिन्यांत थर साचल्याच्या खुणा सापडल्या. याउलट बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक पाहा. 2017 च्या अभ्यासात त्यांच्यातल्या 85 टक्के प्रौढांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा कणही नव्हता. दिवसाचे कितीतरी तास शेती, शिकार आणि मासेमारी करणारी ही माणसं बसून राहतात तरी कधी?

5. एक फोटो, दोन डॉक्टर

आता थेट पुण्यात या. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. दिसायलाही दोघं सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! दोघांच्या आडनावातल्या पहिल्या इंग्रजी अक्षरावरून या कोड्याला नाव मिळालं ‘वाय-वाय पॅराडॉक्स’.

याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. त्यांचं सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपलं बाळ स्नायूंत कमी पडलं, पण कातडीखालच्या चरबीत फारसं मागे नव्हतं. बारीक दिसणारा भारतीय आतून चरबीदार असू शकतो, तो असा जन्मापासून. म्हणून आपल्याकडे 23 च्या पुढचा बीएमआय म्हणजे जास्त वजन, आणि कंबरेची लक्ष्मणरेषा पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर. वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप घरात हवी.

6. सहा वर्षं आधीच

52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगितली. हृदयविकाराचा पहिला झटका दक्षिण आशियातल्या लोकांना साधारण 53 व्या वर्षी येत होता आणि बाकीच्या जगात 59 व्या वर्षी. कारणं मात्र तीच: बिघडलेली चरबी, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट आणि मंडळी. आपल्याकडे ती लवकर गोळा होतात, इतकंच.

7. भाग्यवान गाव

इटलीतल्या गार्डा सरोवराकाठचं लिमोने हे गाव. 1930 च्या दशकात सडक येईपर्यंत तिथे जायला होडी किंवा डोंगरवाट. 1970 च्या दशकात या गावचा एक रेल्वे कर्मचारी मिलानच्या डॉक्टरांकडे गेला. रिपोर्ट पाहून डॉक्टर चक्रावले. ‘चांगलं’ एचडीएल तळाला, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली दुसरी चरबी आभाळाला आणि तरीही रक्तवाहिन्या स्वच्छ! मग गावातल्या लोकांचं रक्त तपासलं. कित्येकांत तोच जनुकीय बदल निघाला आणि माग काढत गेल्यावर सगळ्या वाटा अठराव्या शतकातल्या एकाच जोडप्याच्या दारात पोचल्या. या बदलातून तयार होणाऱ्या प्रथिनाला ‘मिलानो’ नाव पडलं. रिपोर्ट वाईट, नशीब चांगलं!

8. आणि उलट्या नशिबाचे

साधारण 250 ते 300 माणसांमागे एकाला जन्मापासूनच एलडीएल जास्त असतं, तेही वारशाने. याला म्हणतात फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. ही माणसं काटक असोत, शाकाहारी असोत, रोज फिरायला जाणारी असोत, तरी एलडीएल बहुधा 190 च्या वर. टाचेमागची शीर (कंडरा) जाड आणि गाठाळ होणं किंवा डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळट चट्टा उठणं ही त्याची खूण असू शकते. मोनालिसाच्या डाव्या डोळ्यापाशीही असा चट्टा दिसतो, असं काही डॉक्टरांचं म्हणणं आहे. घरात एकाला हे निघालं तर भावंडं आणि मुलं सगळ्यांचंच रक्त तपासायचं. आईबाबांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते.

9. रिपोर्टात नसलेला भाऊबंद

नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी 1963 मध्ये लायपोप्रोटीन (ए) शोधलं. एलडीएलचाच हा चुलत भाऊ, तसाच धोक्याचा, पण नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो मोजला जात नाही. जगात पाचांतल्या एकाला तो जास्त असतो. पथ्य आणि व्यायामाला तो वाटाण्याच्या अक्षता लावतो, कारण त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांनी ठरते. त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो.

10. बायकांचं गणित

पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचं एलडीएल झपाट्याने वर जातं. चाळिशीत बिनघोर असलेली बाई पन्नाशीत बिनघोर असेलच असं नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहून जाते. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली असेल तर पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाळंतपणाची फाइल माळ्यावर टाकू नका. लेक कॉलेजात गेली तरी ती फाइल कामाची आहे.

11. सहा हजार बुरश्यांमागे एक गोळी

जपानचे अकिरा एन्दो यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध शोधत सुमारे 6,000 बुरश्या चाळल्या. तांदळावरच्या एका निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना हवं ते सापडलं. पण उंदरांवर औषध चालेना! कंपनीत प्रकरण गुंडाळण्याची वेळ आली. मग कोंबड्यांवर करून पाहिलं आणि कोलेस्टेरॉल खाली आलं. त्यातून निघालेल्या औषधांना आपण स्टॅटिन म्हणतो आणि 1987 मध्ये पहिलं स्टॅटिन अमेरिकेच्या बाजारात आलं. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातला ‘फोर-एस’ अभ्यास आला. त्यात आधीच हृदयविकार असलेले रुग्ण होते, बरोबर 4,444! स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. जेवढा धोका जास्त, तेवढी गोळी कामाची.

12. दुप्पट गोळी, पदरात सहा

स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल दुपटीने उतरत नाही, फक्त आणखी 6 टक्के उतरतं. म्हणून डॉक्टर कित्येकदा डोस वाढवण्याऐवजी दुसऱ्या जातीची गोळी जोडतात. आता तर वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शनही आलं आहे. मनाने डोस वाढवणं आणि बरं वाटतंय म्हणून बंद करणं, दोन्ही वेडेपणा. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, मग ‘बरं वाटतंय’ याला अर्थ तो काय?

13. पपनस, कॉफी आणि इसबगोल

ग्रेपफ्रूटचा रस काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतो. त्याचं गोत्र आपल्या पपनसाचं. कोकणातून पपनसांची गोणी आली आणि घरात सिम्वास्टॅटिन किंवा अटोर्वास्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. उकळून न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल असतं आणि ते एलडीएल वाढवतं. कागदी गाळणीत ते अडकतं. आणि पोट साफ होण्यासाठी आजीने ठेवलेलं इसबगोल आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतं. नवी पित्ताम्लं करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं आणि एलडीएल थोडं खाली येतं.

14. तुमचा आकडा कोणता?

भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, 2024 मध्ये कोलेस्टेरॉलसाठी खास भारतीय मार्गदर्शक सूचना दिल्या. एलडीएल साधारण लोकांचं 100 च्या खाली. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांचं 70 च्या खाली. आणि हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर 55 च्या खाली! पहिली तपासणी अठराव्या वर्षी, आणि त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही.

रिपोर्टात एक वजाबाकी स्वतः करा: टोटल 210, एचडीएल 38, तर ‘नॉन-एचडीएल’ 172. याचं लक्ष्य तुमच्या एलडीएलच्या लक्ष्याहून 30 जास्त धरतात. ट्रायग्लिसराइड्स जास्त असणाऱ्या आपल्या लोकांत हा आकडा फार बोलका आहे. लंडनच्या मावशीने ‘माझं फक्त पाच’ असं कळवलं तर घाबरू नका. तिकडे एकक वेगळं असतं. पाचला 38.67 ने गुणा, 193 होतात!

आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर रिपोर्टाबरोबर या पाच गोष्टीही सांगा: वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला होता का, साखर आणि रक्तदाब किती, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, बिडी, तंबाखू किंवा मशेरी चालते का, आणि कंबर किती. लॅब फक्त आकडा छापते. तो कुणाचा आहे, हे तुम्हालाच सांगावं लागतं.