माल पुढे, दाखला मागे

शेजारच्या देशातून निघालेले जहाज बंदरात येऊन लागावे आणि मालाच्या उत्पत्तीचा दाखला मात्र टपालात अडकून राहावा, ही विसंगती व्यापाऱ्यास महाग पडते. माल अमुक देशात तयार झाला, हे सिद्ध झाल्यावाचून जकातीची सवलत मिळत नाही.

आग्नेय आशियातील राष्ट्रांनी हे दाखले इलेक्ट्रॉनिक मार्गाने एकमेकांच्या जकातखात्यांकडे थेट धाडण्याचा मार्ग पत्करला. मूळ करार २००५ सालचा. कायद्याच्या चौकटीचा करारनामा २०१५ मध्ये झाला. आणि इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, थायलंड व व्हिएतनाम यांच्यात प्रत्यक्ष देवघेव २०१८ च्या आरंभी सुरू झाली. पुढे तेव्हाची दहाही सभासद-राष्ट्रे तीत आली. यंत्रे जोडणे सोपे. परक्या सरकारचा शब्द आपल्या कायद्याने ग्राह्य मानणे कठीण, हाच या बारा वर्षांचा धडा होय.

या राष्ट्रसमूहाशी भारताचा मालव्यापार करार २०१० पासून अंमलात आहे. सवलतीच्या आडून तिसऱ्याच देशाचा माल येऊ नये, म्हणून आपल्या सरकारने २०२० साली उत्पत्तीची माहिती स्वतःजवळ बाळगण्याचे बंधन आयातदारावर घातले. ही सावधगिरी रास्तच आहे. थेट देवघेवीने बनावट शिक्क्याला आळा बसेल. खोट्या मजकुराला बसणार नाही. परंतु परदेशी कारखान्याची झडती मुंबईच्या लहान आयातदाराने कशी घ्यावी? दाखला सरकारने सरकारकडे धाडावा, आणि शंका आल्यास तिची शहानिशाही सरकारांनीच आपसांत त्वरेने करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.