भिंगरीचा गळ : कल्हईवाले आणि पत्राकाम करणाऱ्या बांधवांसाठी एक चोख जोडधंदा

कृष्णेच्या काठी गळ टाकून बसणारी माणसे जयसिंगपूरकरांना नवी नाहीत. उदगाव, अर्जुनवाड, कुरुंदवाड या पट्ट्यात बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम भागले. अलीकडे मात्र तरुणांच्या हाती रीळ लावलेली काठी आणि तंगुसाच्या टोकाला चमचम करणारे धातूचे एक खेळणे दिसते. इंग्रजीत त्यास स्पिनरबेट म्हणतात. या लेखापुरते आम्ही त्याला भिंगरीचा गळ म्हणू.

असा बराच माल चीनमध्ये तयार होऊन येतो. वस्तू हातात घेऊन सुटी केली तर काय निघते? पितळी पत्र्याचे एक पान, वीतभर स्टीलची तार, शिशाचा थेंबाएवढा गोळा, एक गळ, एक फिरती कडी आणि रबराच्या झिरमिळ्या. यातील गळ आणि कडी सोडली तर बाकी सारे आपल्या बिरादरीतील कारागीर रोज हाताळतात. स्टीलची भांडी घरोघर आल्यापासून कल्हईवाल्यांची भट्टी थंडावली, डबे-चाळण्या करणाऱ्यांचे काम प्लॅस्टिकने नेले. हात मात्र शाबूत आहेत. म्हणून हा विषय आम्ही व्यापार-पानावर घेतला आहे, छंदाच्या पानावर नव्हे.

प्रथम ही वस्तू मासा कसा पकडते ते समजून घेतले पाहिजे, कारण हे न कळता केलेला माल विकला जात नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंस डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते. पाण्यातील बारीक हादरे त्याला त्या रेषेतून कळतात. तंगूस ओढले की पान गरगर फिरते, त्याची धडधड पाण्यात पसरते आणि लकाकी पळणाऱ्या लहान मासळीसारखी दिसते. शिकारी मासा भुकेने किंवा रागाने त्यावर झडप घालतो. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट १८५२ साली घेतले. भिंगऱ्या त्याच कुळातल्या.

‘शिकारी मासा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मरळ, शिवडा यांच्यासाठी हा गळ आहे. रोहू, कटला यांचे खाणे वेगळे, ते भिंगरीकडे सहसा फिरकत नाहीत. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे, नाहीतर दोन दिवसांनी तो माल परत घेऊन दुकानात उभा राहील. आपल्या भागात खरे गिऱ्हाईक मरळीचे. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे बाजारात जिवंत विकता येते आणि तिला भावही चांगला मिळतो.

पानाचे दोन मुख्य आकार आहेत. गोलसर पान सावकाश फिरते व जोराने धडधडते. गढूळ पाण्यासाठी ते योग्य. पावसाळा सरता सरता कृष्णेला जो गाळ असतो त्यात माशाला दिसत कमी, जाणवते जास्त. दुसरे लांबट, वाळुंजाच्या पानासारखे. ते वेगाने फिरते, लकाकते अधिक, आणि हिवाळ्यातील निवळ पाण्यात चालते. वजन साडेतीन ते सात ग्रॅम पुरे. मोठ्या मापाच्या मागे सुरुवातीस लागू नये.

तारेचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो: एका टोकाला शिशाचे डोके व गळ, दुसऱ्या टोकाला पान. ही वरची भुजा गळाच्या पुढे चालते आणि वाटेतील काडी-कचरा बाजूला सारते. पंचगंगेत जलपर्णी किती माजते हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे साधा उघडा गळ लगेच अडकतो, हा बराच सुटून येतो. जलपर्णीच्या कडेपलीकडे टाकावा, तळाला बसण्याआधीच रीळ फिरवायला घ्यावे, आणि काठीला पानाची धडधड हाताला लागेल इतक्याच सावकाश ओढावे. यापलीकडे त्यात फारशी विद्या नाही.

आता हिशेब. पान तीन सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद आणि पत्रा अर्धा मिलिमीटर धरला तर एका पानाचे वजन सुमारे दीड ग्रॅम भरते. कातरणीत तिसरा हिस्सा गेला असे मानले तरी एक किलो पितळेत चारशेच्या वर पाने बसतात, आणि कातरण भंगारात विकले जातेच. ०.९ मिलिमीटरची वीस सेंटिमीटर स्टीलची तार म्हणजे एक ग्रॅम. पाच ग्रॅमचे डोके धरल्यास किलोभर शिशात दोनशे. एवढ्यावरून ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने आकडा मांडावा. त्यात गळ, कडी, मजुरी आणि वाया गेलेले नग धरायला विसरू नये. यात पैसा धातूत नाही, हातात आहे, हे आकडा मांडताच दिसेल.

गळ मात्र विकतच घ्यावा. त्याला पाणी देणे हे वेगळेच शास्त्र आहे. नॉर्वेची मुस्ताद कंपनी १८७७ पासून तेच करीत आली आहे. कडीतही कंजुषी नको. स्वस्त कडी अडकते, पान फिरत नाही, आणि न फिरणारी भिंगरी म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा. पान वाटीसारखे खोलगट ठोकावे लागते. हुपरीला चांदीचे पैंजण घडवणाऱ्यांना पातळ पत्र्याला असा बाक देणे शिकवावे लागणार नाही. झिरमिळ्यांसाठी रबर नसेल तर कोंबड्याची पिसे किंवा बोकडाचे केस बांधूनही काम भागते.

शिशाबद्दल मात्र थोडे थांबून सांगतो. शिसे ३२७ अंशांवर वितळते. त्याची वाफ व भुकटी विषारी, लहान मुलांना तर फारच घातक. घरातल्या चुलीवर हे काम करू नये, आणि साचा ओला असेल तर वितळलेले शिसे उसळून तोंडावर येते. ब्रिटनमध्ये गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांची विक्री १९८७ पासून बंद आहे, कारण ती गिळून हंस मरत होते. शिशाऐवजी कथील वापरता येते. ते २३२ अंशांवरच वितळते आणि कल्हईवाल्याच्या तर हातातलेच. महाग पडते, आणि त्याच मापाच्या डोक्याचे वजन शिशाच्या दोन-तृतीयांशच भरते, म्हणून साचा थोडा मोठा घ्यावा. ‘बिनशिशाचा माल’ म्हणून दोन पैसे जास्त सांगता येतील. आमच्या मते कल्हईवाल्यांनी याच बाजूने शिरावे.

धंदा बदलणे आपल्याकडे नवे नाही. जवळच्या मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी करायला घेतल्या. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. भिंगरीला मानांकन मिळेल असे आम्ही म्हणत नाही. ती आपली दुकानात टांगायची वस्तू आहे.

शरीअतच्या दृष्टीनेही एक-दोन गोष्टी. माशाला जबिहा लागत नाही हे सर्वश्रुत आहे. पण जिवंत बेडूक किंवा गांडूळ गळाला टोचणे आलिमांनी नापसंत केले आहे, आणि मरळीसाठी बेडूक लावण्याची चाल आपल्याकडे आहेच. धातूच्या भिंगरीने तो प्रश्न मिटतो. दुसरे, पंचगंगेत दूषित पाण्याने मासे मरून वर येतात तेव्हा ते गोळा करणारे लोक दिसतात. आपोआप मरून तरंगणारा मासा हनफी मसलकात खाण्यास वर्ज्य आहे, शाफई मसलकात मुभा आहे. मात्र विषारी पाण्याने मेलेला मासा प्रकृतीच्या दृष्टीने कोणीच खाऊ नये.

मरळीची जोडी लालसर पिलांचा घोळका घेऊन पाण्याच्या वरच्या थरात फिरते व त्याची राखण करते. अशा वेळी भिंगरी टाकली की ती हमखास धावून येते. मासा मिळतो, पण राखणदार गेल्यावर पिलांचा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो. असला मासा धरू नये, आणि माल विकताना गिऱ्हाइकालाही सांगावे. पुढच्या साली नदीत मरळच नसेल तर भिंगरी घेणार कोण?

तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यात असतात. तेथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा आहे. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा गुडघाभर पाण्यात उभे राहून गळ टाकण्याची हौस टाळावी.

कर्ज काढून यंत्र घेण्याचा हा धंदा नव्हे. कातर, पक्कड, लाकडी ठोकळा, साचा आणि दहा नगांचा माल, एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक नग पाण्याच्या टाकीत ओढून पाहावा. तो आडवा पडत असेल तर वरची तार गळाच्या रेषेत आणावी. पान लगेच फिरायला लागत नसेल तर बाक वाढवावा. जो नग टाकीत फिरत नाही तो नदीतही फिरणार नाही, आणि तो दुकानात पाठवू नये.