कारकुनाची खुर्ची

नव्या राजधानीचे नाव निघाले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे विधानभवन येते, न्यायालय येते. तेथील कारकून कशावर बसतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. चंदीगड वसवताना मात्र तो विचारावाच लागला. फाळणीत लाहोर गेले, आणि १९५१ मध्ये ल कार्ब्यूझिए व त्यांचे भाऊबंद प्येर जानरे हे वास्तुशिल्पी नव्या राजधानीच्या कामावर रुजू झाले. इमारती उभ्या राहू लागल्या, तशी त्यांत ठेवायला हजारो खुर्च्या हव्या झाल्या.

पोलादी नळ्या वाकवून खुर्च्या करण्याची रीत जानरे यांना नवी नव्हती. १९२८ च्या सुमारास कार्ब्यूझिए व शार्लोत पेरियां यांच्यासमवेत त्यांनी स्वतःच तशा खुर्च्या आखल्या होत्या. येथे मात्र त्यांनी साग आणि वेत घेतला. दोन्ही जिन्नस येथल्या सुताराच्या हातचे होते.

आता त्या खुर्चीकडे नीट पाहा. प्रत्येक बाजूचे दोन पाय वर एकमेकांना मिळालेले, जणू उघडून उभा केलेला कंपासच. त्यावर हात टेकण्याची पट्टी. पाठ बैठकीपासून सुटी, अधांतरी असावी तशी. बैठक आणि पाठ दोन्ही वेताने विणलेल्या. उत्तरेकडील जून महिन्यात गादीवर दिवसभर बसून ज्याने लेखणी चालवली असेल, त्याला वेताची थोरवी सांगायला नको! वीण तुटली तर ती पुन्हा विणून घेता येते. सांगाडा तसाच राहतो. खुर्ची वजनाला जड आहे, आणि डुलकी काढण्यासाठी ती केलेलीच नाही, हेही सांगितले पाहिजे. ती निरनिराळ्या कारखान्यांत हाताने घडली, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही थोडा फरक आढळतो. वास्तुशिल्पी यूली चौधरी यांचाही या सामानाच्या आखणीत वाटा होता. ते नाव मागे पडले, हे बरे झाले नाही.

जानरे १९६५ मध्ये परतले व १९६७ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित झाली. पुढे वीण फाटली, नव्या धाटणीचे सामान आले, आणि या खुर्च्या गच्चीवर व अंगणात ढिगाने पडल्या. मोडीच्या भावाने लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेत एकेक खुर्ची लाखो रुपयांना विकली. सरकारी मालमत्ता ओळखावी म्हणून लाकडावर रंगवलेली कचेरीची अक्षरे आज तेथील ग्राहक अस्सलपणाची खूण म्हणून शोधतो. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हे सामान विकण्यास व देशाबाहेर नेण्यास मनाई केली. तोवर पुष्कळ गेले होते.

वाचकहो, आपल्या कचेरीत जुने सामान मोडीत काढण्याची यादी होत असेल, तर सही करण्यापूर्वी एकदा खुर्ची उलटी करून पाहा: लाकूड कोणते आहे, सांधे घट्ट आहेत का, आणि गेली ती केवळ वीणच ना.