स्टिअरिंगवर बसण्याआधी

1 जुलै 2023 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. 25 जण गेले. चालक वाचला, टायर फुटल्याचं त्याने सांगितलं. त्याच्या रक्ताचा नमुना अमरावतीच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला आणि आठवडाभरातच अहवालाची बातमी आली: रक्तात मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार ही मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे.

दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवील. पण तपासणी झाली ती माणसं गेल्यावर, आणि मनाला लागते ती हीच गोष्ट.

त्याच वऱ्हाडात, अकोला-बडनेरा मार्गावर रेल्वेगाडी चालवणाऱ्या लोको पायलटला लॉबीत हजेरी लावताना यंत्रात फुंकावंच लागतं. रेल्वेत याला सगळे ‘बीए टेस्ट’ म्हणतात. ड्युटी संपल्यावर पुन्हा एकदा. यंत्रातल्या छोट्या सेलमध्ये श्वासातल्या अल्कोहोलची रासायनिक क्रिया होते, वीज तयार होते आणि त्या विजेवरून आकडा दिसतो. काही सेकंदांचं काम. अल्कोहोल आढळलं तर गाडी हाती मिळत नाही. यात कोणाला अपमान वाटत नाही, कारण ही चाचणी सगळ्यांना सारखी आहे, वीस वर्षं नोकरी झालेल्यालाही.

मग रात्री अमरावती-अकोल्याहून पुण्या-मुंबईकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सना ही शिस्त का नको? पोलीस नाक्यावर अडवतील तेव्हा अडवतील. गाडी ज्याची, त्या मालकाने सुटण्याआधी चालकाला तपासायला हवं आणि त्याची नोंद ठेवायला हवी. वाटेत जेवणाचा थांबा असतो, तिथून निघतानाही. परवान्याच्या अटींतच हे यायला हवं. आणि सोबत दुसरी गोष्ट: 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाचे आठ तास ठरवले. सलग दोन रात्री जागलेल्या चालकाची झोप कोणतंही यंत्र पकडत नाही. ती मालकाच्या वेळापत्रकातच पकडावी लागते.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान उडू लागलं. विमानसेवेतला नियम आणखी कडक आहे. उड्डाणाआधी 12 तास मद्य वर्ज्य, आणि 2023 पासून अल्कोहोल असलेला माउथवॉशही चालत नाही. 31 जानेवारी 2022 पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, झोपेच्या गोळ्यांसारखी औषधं यांसाठी अचानक चाचणी होते. वर्षाला किमान 10 टक्के लोकांची.

इथपर्यंत कोणी वाद घालणार नाही. वाद सुरू होतो तो एमआयडीसीत. अकोल्याच्या डाळमिलमध्ये किंवा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात मालकाने सरसकट सगळ्यांच्या लघवीच्या बाटल्या मागाव्यात का?

श्वास सांगतो ते आत्ताचं. लघवी सांगते ते मागचं. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक दिवस, कधी काही आठवडेही सापडतात. माणूस त्या क्षणी पूर्ण शुद्धीत असला तरी. शिवाय पहिली झटपट चाचणी फसते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तर ती अफूजन्य पदार्थ दाखवू शकते. भरपूर खसखस पोटात गेली तरीही. खसखशीमुळेच अमेरिकेने 1998 मध्ये सरकारी नियमातली मर्यादा 300 नॅनोग्रॅमवरून थेट 2000 वर नेली. आपल्याकडे अनारसे खसखशीवर थापतात आणि मटणाच्या रश्श्यातही ती वाटून घालतात, तेव्हा हे विसरून चालणार नाही. प्रयोगशाळेत दुसरी, नेमकी चाचणी झाल्याशिवाय कोणाची हजेरी कापणं हा सरळ अन्याय आहे. रोजंदारीवरच्या माणसाला त्या दुसऱ्या चाचणीचा आग्रह धरण्याचं बळ कुठून येणार?

औद्योगिक नोकरीच्या अटींबाबतच्या 1946 च्या कायद्याखालच्या नमुना स्थायी आदेशांनी कामावर दारू पिऊन असणं हे गैरवर्तन मानलं. रविवारी घरी काय केलं, याची चौकशी त्यांत नव्हती. ही रेघ योग्य जागी आहे. जिनिंगच्या यंत्रावर, बॉयलरपाशी, क्रेनवर, पारसच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणी धोक्याच्या कामावर चढताना श्वास तपासा, मॅनेजरपासून मदतनिसापर्यंत सगळ्यांचा तपासा. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाच्या लघवीशी कारखान्याला काही देणंघेणं नाही.

आणि सापडला तर? वैमानिकांच्या अमली पदार्थ चाचणीच्या नियमात पहिल्यांदा दोषी आढळणाऱ्याला कामावरून दूर करून व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवतात. परवान्यावर कारवाई होते ती पुन्हा सापडल्यावर. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ, स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला छोट्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. ट्रॅव्हल्सच्या चालकाला आणि जिनिंगच्या मजुराला ही वाट कोणी सांगत नाही. तो लपवतो, आणि लपवूनच स्टिअरिंगवर बसतो. मालकांनी यंत्र विकत आणताना जवळच्या सरकारी रुग्णालयाशी उपचाराचंही आधीच ठरवून ठेवावं, आणि त्या काळात चालकाची जागा राखून ठेवू असं त्याला लेखी द्यावं.