विश्लेषण : ‘महाराष्ट्र ओपन’ हाँगकाँगला का गेली?

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात बालेवाडीच्या कोर्टवर नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने बेंजामिन बाँझीला ४-६, ७-५, ६-३ असे हरवले आणि कारकीर्दीतील पहिले विजेतेपद मिळवले. ‘टाटा ओपन महाराष्ट्र’चा तो शेवटचा सामना ठरला. २०२४ च्या जानेवारीत त्या जागी हाँगकाँगची स्पर्धा वेळापत्रकात आली. तेव्हापासून पुरुषांच्या एटीपी टूरवर भारतातील एकही स्पर्धा नाही.

स्पर्धेचा मालक कोण?

‘भंडारा रोड’ स्थानक भंडाऱ्यात नसून वरठीत आहे, हे इकडे कुणाला सांगावे लागत नाही. टेनिसमध्येही पाटी एकाची, जागा दुसऱ्याची असे चालते. एटीपी टूरच्या वेळापत्रकातला आठवडा हा एक परवाना असतो आणि तो शहराचा नसतो. पुण्याच्या स्पर्धेचे हक्क आयएमजी या क्रीडा व्यवस्थापन कंपनीकडे होते. शहर, राज्य टेनिस संघटना आणि प्रायोजक ठरावीक वर्षांसाठी यजमान होतात. करार संपला की मालक दुसरे गाव बघतो.

ही स्पर्धा पुण्याचीही मुळात नव्हतीच. १९९६ मध्ये ती दिल्लीत सुरू झाली, १९९७ मध्ये चेन्नईला गेली आणि तिथे दोन दशके रमली. स्टॅनिस्लास वावरिंकाने ती चार वेळा जिंकली. २०१७ नंतर ती चेन्नईहून पाच वर्षांच्या करारावर पुण्यात आली. तेव्हा हळहळ चेन्नईने केली, आपण नाही.

पुण्यात काय घडले?

पहिल्या वर्षी, २०१८ मध्ये, जिल सिमाँने केविन अँडरसनला हरवले. पुढच्या वर्षी अँडरसनने ३९ वर्षांच्या इव्हो कार्लोविचला नमवले. या अंतिम लढतीचे तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. दुहेरीत रोहन बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणसोबत आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसोबत बाजी मारली.

गडबड तारखांची झाली. जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनच्या आधीची तयारी, त्यामुळे मोठे खेळाडू वाटेत थांबत. २०२० मध्ये एटीपी कप सुरू झाला आणि पुणे फेब्रुवारीत ढकलले गेले. त्या आठवड्यात फ्रान्समध्ये माँपेलिएला छताखालची स्पर्धा आणि अर्जेंटिनात मातीच्या कोर्टची. मग ऑस्ट्रेलियाहून परत फिरून पुण्याला कोण येणार? २०२१ ची स्पर्धा करोनाने रद्द केली. २०२३ मध्ये जानेवारी परत मिळाला, पण अव्वल मानांकित मारिन चिलिच दुखापतीमुळे मध्येच बाहेर पडला.

हे याआधीही झाले आहे का?

झाले आहे. २००६ आणि २००७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर एटीपी स्पर्धा झाली. दिमित्री तुर्सुनोव्ह आणि रिशार गास्के विजेते होते. २००८ मध्ये ती बंगळूरुला व्हायची होती, सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली. २००९ पासून त्याच सुमारास क्वालालंपूरमध्ये बंदिस्त स्टेडियमची स्पर्धा सुरू झाली. २०१५ नंतर तीही आटोपली आणि चीनमधले चेंगडू वेळापत्रकात आले. पोर्तुगालच्या जाँव सोसाने २०१३ मध्ये पहिले विजेतेपद क्वालालंपूरला मिळवले आणि शेवटचे २०२२ मध्ये पुण्यात. आज दोन्ही स्पर्धा नाहीत.

भारतातही छताखालचा प्रयोग झाला होता. कोलकात्यात नेताजी इनडोअर स्टेडियमवर २००५ ते २००७ महिलांची ‘सनफीस्ट ओपन’ रंगली. सप्टेंबरच्या पावसात उघड्यावर खेळणे कठीण, म्हणून छप्पर. २००६ मध्ये तिथे मार्टिना हिंगीस जिंकली. तीनच वर्षांत तिचाही खेळ संपला.

नुकसान कुणाचे?

प्रेक्षकांचे आहेच. वरठीहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट पुणे गाठून अशा दर्जाचे टेनिस बघता येत होते, आता टीव्हीच. पण खरा फटका खेळाडूंना आहे. अशा स्पर्धेत यजमानाच्या हाती मुख्य फेरीची तीन ‘वाइल्ड कार्ड’ असतात, म्हणजे क्रमवारी न बघता थेट प्रवेश. सोमदेव देववर्मन जागतिक क्रमवारीत दोनशेच्या बाहेर असताना याच मार्गाने २००९ मध्ये चेन्नईत उतरला, कार्लोस मोयाला हरवून अंतिम फेरीत पोहोचला. २०२३ मध्ये १५ वर्षांच्या मानस धामणेला पुण्यात अशीच संधी मिळाली. मायकेल मोहकडून तो २-६, ४-६ हरला, पण त्या वयात एवढ्या वरच्या पातळीचा सामना घराजवळ मिळणे ही छोटी गोष्ट नव्हे.

आता पुण्यात ‘महा ओपन’ ही चॅलेंजर स्पर्धा २०२४ पासून होते. एटीपी २५० स्पर्धेच्या विजेत्याला २५० गुण मिळतात, इथे १००. नवोदितांसाठी ती उपयोगाचीच आहे. पण वरच्या वर्गाचा परवाना हवा असेल तर तो विकत किंवा भाड्याने घ्यावा लागेल, आणि त्यासाठी दरवर्षी पैसे मोजणारा प्रायोजक व सरकार दोन्ही लागतील.